तुरुंगातील हाक ऐकणार कोण?

मालेगाव आणि नाशिकरोड यांच्यामधील अंतर शंभर किलोमीटरांहून थोडे अधिक आहे. ज्या घरातील कोणी नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहात आहे, त्या घराला ते पाठ असते. मुलाखतीसाठी जायचे म्हणजे मागावरची एक दिवसाची मजुरी बुडवायची, पहाटेची एस. टी. गाठायची, ओळखपत्रे दाखवून रांगेत उभे राहायचे आणि काही मिनिटांच्या बोलण्यातून माणूस बरा आहे एवढी खात्री करून घेऊन रात्री परत यायचे. पुढच्या मुलाखतीपर्यंत तो माणूस बरा राहील की नाही, हे मात्र घरच्यांच्या हाती नसते. ते असते तुरुंगाच्या आत गस्त घालणाऱ्या शिपायाच्या हाती. या शिपायाच्या हाती काय असते, हा प्रश्न आपल्याकडे क्वचितच विचारला जातो. परंपरेने त्याला एक काठी, एक शिट्टी आणि रात्रपाळीला एक विजेरी दिलेली असते.

तुरुंग कर्मचाऱ्यांना बिनतारी संदेशवहनाची साधने द्यावीत हा विषय निघाला, की तो सुरक्षेचा म्हणजे पलायनाचा प्रश्न मानला जातो. गृहखात्याची टिपणेही बहुधा त्याच भाषेत लिहिली जातात. कैदी पळू नयेत म्हणून भिंत, भिंत पुरेना म्हणून मनोरा, मनोरा पुरेना म्हणून कॅमेरा आणि आता, २०२३ पासून राज्यातील काही कारागृहांवर, ड्रोन. या क्रमातील आणखी एक वस्तू म्हणून वॉकीटॉकीकडे पाहिले तर तिचा अर्धा उपयोग आपल्या लक्षातच येणार नाही. तिचा खरा हिशेब तुरुंगातील मृत्यूंच्या आकड्यांत मांडावा लागतो.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ या वर्षी देशातील तुरुंगांत १,९९५ बंद्यांचे मृत्यू झाले. त्यांपैकी १,७७३ मृत्यू ‘नैसर्गिक’ या सदराखाली नोंदलेले आहेत. म्हणजे हृदयविकार, फुप्फुसाचे विकार, क्षय, पक्षाघात आणि असेच इतर आजार. आत्महत्या ११९ होत्या. वृत्तपत्रांतून गाजणारे पलायनाचे आणि टोळीयुद्धाचे प्रसंग या संख्येपुढे अगदी अल्प ठरतात. ‘नैसर्गिक’ हा शब्द येथे फसवा आहे. छातीत कळ येणे नैसर्गिक असेल. पण ती आल्यापासून वैद्यकीय मदत पोहोचेपर्यंत गेलेला वेळ निसर्गाने ठरवलेला नसतो. तो तुरुंगाच्या व्यवस्थेने ठरवलेला असतो.

हा वेळ कसा जातो ते पाहण्यासारखे आहे. सायंकाळी गणती होऊन बराकी बंद झाल्या की किल्ल्या शिपायाजवळ राहत नाहीत. त्या कार्यालयात जमा होतात आणि रात्री बराक उघडायची तर अधिकाऱ्याच्या उपस्थितीतच उघडावी लागते. नियम म्हणून हे योग्यच आहे. मध्यरात्री बराकीत एखाद्याला घाम फुटला, श्वास लागला, तर प्रथम शेजारचा बंदी ओरडतो. जुन्या पद्धतीत आत पहाऱ्याला नेमलेला सिद्धदोष पहारेकरी गजांशी येऊन बाहेरच्या शिपायाला हाक मारतो. शिपाई त्या वेळी गस्तीच्या दुसऱ्या टोकाला असला तर ती हाक पुन्हा पुन्हा द्यावी लागते. तो आला, त्याने पाहिले, की निरोप घेऊन हवालदाराकडे जायचे. हवालदाराने मुख्य द्वारावर कळवायचे. तेथून रात्रपाळीच्या तुरुंगाधिकाऱ्याला आणि वैद्यकीय अधिकाऱ्याला निरोप जायचा. मग किल्ल्या घेऊन सर्वांनी परतायचे. शिवाय बाहेरच्या रुग्णालयात न्यायचे ठरले तर पोलिसांचा बंदोबस्त मागवायचा. या साखळीतील प्रत्येक कडी पायी चालत जाते. जुन्या मध्यवर्ती कारागृहांचे आवार विस्तीर्ण, वर्तुळे वेगवेगळी, मधल्या भिंतींची दारे कुलूपबंद. शिपाई कितीही तत्पर असला, तरी आपल्या पायांहून वेगाने तो निरोप पोहोचवू शकत नाही. शिवाय निरोप देण्यासाठी त्याने जागा सोडली, की मागे ती बराक तेवढा वेळ बिनपहाऱ्याची राहते. आजाऱ्यासाठी धावावे की पहारा राखावा, असा पेच त्या बिचाऱ्यासमोर रोज उभा राहू शकतो, आणि चौकशी समितीपुढे दोन्हींपैकी कशाचेही समर्थन करणे त्याला अवघड असते.

१९२४ च्या जानेवारीत येरवड्याच्या तुरुंगात महात्मा गांधींना आंत्रपुच्छाचा विकार झाला, तेव्हा त्यांना पुण्याच्या ससून रुग्णालयात हलवून १२ जानेवारीच्या रात्री शस्त्रक्रिया करण्यात आली. त्या बंद्याच्या प्रकृतीकडे साऱ्या साम्राज्याचे लक्ष होते. बराकीतल्या अनामिक कच्च्या कैद्यासाठी साम्राज्य जागे नसते. त्याच्यासाठी जागा असतो तो एक शिपाई.

ब्रिटनच्या तुरुंग प्रशासनाने या बाबतीत केलेला विचार अनुकरणीय आहे. तेथे २०१३ साली वैद्यकीय आणीबाणीसाठी बिनतारी संचावरील दोन संकेत सक्तीचे करण्यात आले. श्वास अडणे, शुद्ध हरपणे, छातीत कळ येणे यांसाठी निळा संकेत; रक्तस्राव व भाजणे यांसाठी तांबडा. ज्या कर्मचाऱ्याला बंदी प्रथम दिसला त्याने संचावर एक शब्द उच्चारायचा, आणि तो ऐकताच नियंत्रण कक्षाने वरिष्ठांच्या अनुमतीची वाट न पाहता रुग्णवाहिका बोलवायची. पुढे कोठडीतील मृत्यूंची चौकशी करणारा तेथील लोकायुक्तसदृश अधिकारी आपल्या अहवालात पहिल्यांदा हेच पाहतो, की संकेत दिला गेला काय आणि किती वाजता. तेथेही चुका होतात, संकेत देण्यास विलंब होतो, हे त्या अहवालांतूनच कळते. पण चूक कोठे झाली ते मिनिटांनिशी सांगता येते. आपल्याकडे महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका खेड्यापाड्यांत जाऊ लागली. तुरुंगाच्या भिंतीपाशी आल्यावर मात्र तिला निरोप, किल्ली आणि बंदोबस्त या तिघांची वाट पाहावी लागते.

पलायनाचा आणि हिंसाचाराचा प्रश्न गौण आहे असा याचा अर्थ नाही. ३१ मार्च २०१५ रोजी नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहातून पाच बंदी रातोरात निसटले. ३१ ऑक्टोबर २०१६ च्या पहाटेपूर्वी भोपाळच्या मध्यवर्ती तुरुंगातून आठ कच्चे कैदी पळाले, ते पहाऱ्यावरील एका कर्मचाऱ्याचा गळा चिरून. ती दिवाळीची रात्र होती. अशा प्रसंगी एकट्या पहारेकऱ्याला शिट्टी तोंडापर्यंत नेण्याइतका तरी अवसर मिळेल काय? आणि ती वाजलीच तर फटाक्यांच्या आवाजात कोणाला ऐकू जाईल? मालेगावकरांना हे निराळे समजावून सांगायला नको. यंत्रमागाच्या खोलीत शेजारच्या माणसाची हाक ऐकू येत नाही म्हणून तेथे हातवाऱ्यांची एक भाषाच तयार झालेली असते. तुरुंगातल्या शिपायाला हातवारे करायला समोर कोणी दिसतही नाही.

ॲटिका येथील घटना या संदर्भात अजूनही बोधप्रद आहे. न्यूयॉर्क राज्यातील या तुरुंगात ९ सप्टेंबर १९७१ रोजी बंद्यांनी उठाव केला. मध्यवर्ती चौकातील एका दरवाजाचा सांधा सदोष होता, तो निखळला आणि साऱ्या विभागांत जाण्याचा मार्ग मोकळा झाला. तुरुंगातील दूरध्वनीची योजना इतकी जुनाट होती की एका वेळी एकच निरोप जाऊ शकत असे. त्यामुळे एका भागातील कर्मचाऱ्यांना दुसऱ्या भागात काय चालले आहे याचा पत्ता लागेना, आणि काही मिनिटांत आवरता आला असता असा गोंधळ सर्वत्र पसरला. चार दिवसांनी शासनाने बळाचा वापर करून तुरुंग ताब्यात घेतला. त्या साऱ्या प्रकरणात बंदी आणि कर्मचारी मिळून ४३ माणसे मेली, आणि त्यांतील बहुतेक सरकारी गोळीबारात. बंद्यांच्या तक्रारी खऱ्या होत्या, आणि त्यांचे निवारण न करणे हेच त्या उठावाचे मूळ होते. केवळ दूरध्वनी सुधारून तो टळला नसता. पण अपुऱ्या संदेशवहनामुळे लहान प्रसंग मोठा होतो आणि मोठ्या प्रसंगाला शासन बंदुकीने उत्तर देते, ही गोष्ट तेथे स्पष्ट झाली.

मोबाइलच्या युगात हे वेगळे संच कशाला, असा प्रश्न सुशिक्षित मंडळींकडून विचारला जातो. याचे उत्तर तुरुंगाच्या रचनेत आहे. मोबाइल आत नेण्यास मनाई आहे, आणि ती कर्मचाऱ्यांनाही असणे रास्त आहे. कारण बंद्यांपर्यंत पोहोचणारे मोबाइल भिंतीवरून जसे फेकले जातात तसे काही वेळा दारातूनही जातात. नाशिकरोडसह अनेक कारागृहांत झडतीत मोबाइल सापडल्याच्या वार्ता वेळोवेळी आल्या आहेत. बंद्याजवळ चोरटा मोबाइल आणि त्याच्यावर पहारा करणाऱ्याजवळ शिट्टी, अशी ही विपरीत स्थिती आहे. तिच्यावर उपाय म्हणून लहरी रोखणारी यंत्रे बसवली जातात; मोबाइलची पिढी बदलली की ती निकामी होतात आणि शेजारच्या वस्तीतील निरुपद्रवी नागरिकांचे दूरध्वनी मात्र बंद पडतात. बिनतारी संचाच्या लहरी मोबाइलहून निराळ्या पट्ट्यात असल्याने या यंत्रांचा त्याला सहसा उपद्रव नाही. दुसरे असे, की मोबाइलवर क्रमांक लावायचा, घंटा वाजू द्यायची आणि एका माणसाशी बोलायचे. संचाची कळ दाबली की त्या वाहिनीवरील सर्वांना एकाच क्षणी ऐकू जाते. आधुनिक संचांवर एक ठळक रंगाची आणीबाणीची कळही असते. ती दाबताच बोलणारा कोण हे नियंत्रण कक्षाला दिसते आणि इतर बोलणे बाजूला सारून त्याला प्राधान्य मिळते. काही संचांत तर शिपाई आडवा पडला आणि ठरावीक वेळ हालचाल झाली नाही, तर संच आपण होऊन इशारा देतो.

अर्थात बाजारातून कोणतेही संच आणून वाटले की काम झाले असे नाही. ब्रिटिश अमदानीतील दगडी भिंती, लोखंडी गज आणि जाड छपरे लहरींना अडवतात. मैदानात तीन किलोमीटर चालणारा संच आतल्या कोठड्यांत शंभर पावलांवर मुका होऊ शकतो. त्यासाठी प्रत्येक तुरुंगाची पाहणी करून संदेश पुढे ढकलणारी केंद्रे योग्य जागी बसवावी लागतात. संच उघडा असेल तर बंद्यांनाही ऐकू जातो, म्हणून कानात घालायचे श्रवणयंत्र आणि सांकेतिक रूपांतराची सोय हवी. लहरींच्या वापराला परवाना लागतो. विनापरवाना वॉकीटॉकींची ऑनलाइन विक्री इतकी बोकाळली की २०२५ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला त्याबद्दल खास नियम घालून द्यावे लागले. असले स्वस्त संच एखाद्या उत्साही अधिकाऱ्याने कार्यालयीन किरकोळ खर्चातून घेऊ नयेत, एवढे तरी शासनाने पाहिले पाहिजे.

खरी अडचण पैशाच्या स्वरूपाची आहे. २००२-०३ साली केंद्राने तुरुंगांच्या आधुनिकीकरणासाठी १,८०० कोटी रुपयांची योजना आखली. तिच्यात नवे तुरुंग, जुन्यांची दुरुस्ती, कर्मचाऱ्यांची निवासस्थाने, पाणी आणि स्वच्छता यांना स्थान होते. ही कामे निकडीचीच होती, पण संदेशवहनाला त्या यादीत स्वतंत्र स्थान नव्हते. २०२१-२२ ते २०२५-२६ या काळासाठी ९५० कोटींची दुसरी योजना आली, ती सुरक्षेची आधुनिक साधने घेण्यासाठी. म्हणजे वीस वर्षांत शासनाची दृष्टी भिंतीकडून साधनाकडे वळली, हे मान्य केले पाहिजे. परंतु साधन विकत घेणे हा एकवारचा भांडवली खर्च असतो आणि ते चालते ठेवणे हा दरवर्षीचा महसुली खर्च. आपल्या अंदाजपत्रकांत पहिल्याला योजना, उद्घाटन आणि छायाचित्र लाभते. दुसरा ‘देखभाल व दुरुस्ती’ या सदरात दबून राहतो आणि काटकसरीचे परिपत्रक निघाले की प्रथम त्यालाच कात्री लागते. बिनतारी संच या बाबतीत फार नाजूक आहे. त्याची बॅटरी रोज वापरली तर दोन-तीन वर्षांत थकते. ती बदलायला तरतूद नसली की पाळीच्या मध्यावरच संच बंद पडतो. दोनतीनदा असे झाले की शिपाई तो घेऊन जाणे सोडतो, आणि संच कपाटात जाऊन जडसंग्रह नोंदवहीत तेवढा जिवंत राहतो. लेखापरीक्षक येतो, संख्या मोजतो, ती बरोबर भरते. ते चालतात की नाही हे पाहणे त्याच्या कामात येत नाही.

खर्च फार आहे असेही नाही. चांगल्या प्रतीचा एक संच साधारणपणे एका शिपायाच्या महिना-दोन महिन्यांच्या वेतनात येतो, आणि एकच संच तिन्ही पाळ्यांत तीन शिपाई वापरू शकतात. येथेच एका धोक्याची सूचना दिली पाहिजे. केंद्राच्या आदर्श कारागृह नियमपुस्तिकेप्रमाणे दर सहा बंद्यांमागे एक रक्षक असावा. सहाशे बंद्यांच्या तुरुंगात शंभर रक्षक. तीन पाळ्यांत वाटले की एका वेळी तेहतीस. त्यांतून रजा, साप्ताहिक सुटी, मुख्य द्वार, मनोरे, मुलाखत कक्ष, रुग्णालय यांवरचे वजा केले की बराकींसाठी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरतात. हे सर्व पदे भरलेली असली तर! देशभरातील तुरुंग खात्यात २०२२ साली मंजूर पदांपैकी सुमारे तीस टक्के रिकामी होती. महाराष्ट्रातील तुरुंगांत त्याच वर्षी क्षमतेच्या दीडपटीहून अधिक बंदी कोंबलेले होते. अशा स्थितीत संच आले की वित्त विभागाचा कोणी हुशार अधिकारी म्हणणार, आता एक शिपाई दोघांचे काम करील, मग रिक्त पदे भरण्याची घाई कशाला? यंत्रमागाच्या धंद्यात एका कामगाराकडे दोनाचे चार आणि चाराचे सहा माग देताना मालकांनी हाच युक्तिवाद केला होता. परंतु संच मदत बोलावतो, तो स्वतः मदत होऊ शकत नाही. हाक ऐकून धावायला दुसऱ्या टोकाला माणूसच नसेल, तर ती हाक पूर्वी भिंतीवर आपटत होती आणि आता यंत्रातून फिरेल, एवढाच फरक.

बंद्यांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या मंडळींना या मागणीबद्दल वाटणारी साशंकता समजण्यासारखी आहे. संचावरून मदतीला माणसे बोलावता येतात तशी मारायलाही बोलावता येतात. २०१७ च्या जूनमध्ये मुंबईतील भायखळ्याच्या महिला कारागृहात एका बंदिनीचा मारहाणीनंतर मृत्यू झाला, कारागृहातीलच सहा महिला कर्मचाऱ्यांना अटक झाली आणि आतल्या बंदिनींनी उठाव केला, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. म्हणूनच संचांबरोबर त्यांवरील प्रत्येक संदेशाची वेळेसह आपोआप नोंद होण्याची सोय अपरिहार्य मानली पाहिजे, आणि ती नोंद तुरुंगाच्या अधीक्षकाला पुसता येऊ नये. कोठडीत मृत्यू घडला तर चोवीस तासांच्या आत कळवावे असा राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाचा १९९३ पासूनचा दंडक आहे. न्यायदंडाधिकाऱ्यांमार्फत चौकशीही कायद्याने बंधनकारक झालेली आहे. या चौकशीत आज काय पुढे येते? हस्ताक्षरातील रोजनिशी आणि साक्षीदारांचे जबाब. आणि साक्षीदार एक तर बंदी असतात नाही तर कर्मचारी. संदेशांची नोंद असली तर हाक किती वाजता गेली, कोणी ऐकली आणि किती मिनिटांनी दार उघडले, हे वादाचे विषय राहणार नाहीत. प्रामाणिक शिपायाला तर तिचा आधारच वाटेल. रात्री त्याने वेळेवर कळवले होते आणि वरिष्ठ उठले नाहीत, हे सिद्ध करण्याचे दुसरे साधन आज त्याच्याजवळ नाही.

मालेगावला या प्रश्नाशी कर्तव्य काय, असे कोणी विचारील. २००६ च्या बॉम्बस्फोटांनंतर या शहरातील बळींच्या घरांवर जसा आघात झाला, तसाच त्या प्रकरणी पकडलेल्या नऊ जणांच्या घरांवर दुसऱ्या तऱ्हेचा झाला. त्यांपैकी सात जण २०११ च्या नोव्हेंबरात जामिनावर बाहेर आले. एक जण खटल्याचा शेवट पाहण्यापूर्वीच निवर्तला. २०१६ च्या एप्रिलमध्ये विशेष न्यायालयाने आरोपींना दोषमुक्त केले. पाच वर्षे तुरुंगात राहिलेल्या माणसाविरुद्ध खटला चालवण्याजोगा पुरावाच नव्हता, असे न्यायालय दहा वर्षांनी सांगते. २०२२ साली देशातील दर शंभर बंद्यांपैकी सुमारे ७६ असेच कच्चे कैदी होते. दोषी कोण आणि निर्दोष कोण याचा निवाडा व्हायचा आहे तोपर्यंत त्यांना जिवंत आणि धडधाकट ठेवणे हे शासनाचे कर्तव्य आहे. निवाडा कसाही लागला तरी या कर्तव्यात सूट नाही.

तालुक्याच्या ठिकाणची दुय्यम कारागृहे हा या प्रश्नाचा सर्वांत दुर्लक्षित भाग. परंपरेने त्यांचे अधीक्षकपद तहसीलदाराकडे आणि पहारा पोलिसांकडे. म्हणजे तुरुंग खात्याच्या आधुनिकीकरणाच्या यादीत ती सहजी बसत नाहीत आणि महसूल खात्याला बिनतारी यंत्रणेशी कर्तव्य नाही. वैद्यकीय अधिकारी तेथे पूर्णवेळ नसतोच. शिवाय नाशिकरोडचा बंदी तारखेसाठी मालेगावच्या न्यायालयात आणायचा तर चांदवडचा घाट ओलांडून ये-जा करणारी गाडी पोलिसांच्या ताब्यात असते. वाटेत काही घडले तर पोलिसांची यंत्रणा आणि तुरुंगाची यंत्रणा एकमेकींशी बोलू शकली पाहिजे. पोलिसांच्या बिनतारी विभागाचे मुख्यालय पुण्यात आहे आणि तुरुंग खात्याचेही पुण्यातच. दोन्ही खाती एकाच गृहमंत्र्यांच्या अखत्यारीत येतात. लहरींचे पट्टे जुळवणे, संकेतांचे शब्द मराठीत निश्चित करणे, बॅटऱ्यांसाठी दरवर्षीची स्वतंत्र तरतूद करणे आणि महिन्यातून एकदा मध्यरात्री, पूर्वसूचना न देता, संकेत दिल्यापासून बराकीचे दार उघडेपर्यंत किती मिनिटे लागतात ते घड्याळ लावून मोजणे, ही कामे त्यांनी एकत्र बसून ठरवण्यासारखी आहेत. ती मिनिटे दर वर्षी विधिमंडळापुढे ठेवावीत आणि त्यात तुरुंगाचे नाव असावे, म्हणजे नाशिकरोडची किती आणि येरवड्याची किती हे मालेगावच्या त्या घरांनाही वाचता येईल.